आजारपणात पगार थांबला, घरखर्च कसाबसा भागतोय, पण पेन्शनच्या हप्त्यांचं काय?

मधली_सुट्टी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, म्हणजे खरं तर बोलतेय. दोन्ही हातांच्या नसांचं दुखणं आहे, मनगटं पट्ट्यात अडकवलेली, त्यामुळे फोनला सांगून टाइप करवून घेतेय. चुका दिसल्या तर फोनला हसा, मला नको.

वय ३९, खाजगी नोकरी, काम पूर्ण कीबोर्डवरचं. आज रजेचा १४३वा दिवस. पगारी रजा केव्हाच संपली, आता बिनपगारी. घरखर्चाचं जमवलंय, नवरा कमावतो, थोडी शिल्लक आहे. परवा सहज पीएफचं पासबुक उघडलं आणि पोटात गोळा आला. वरती दर महिन्याची ओळ, माझा वाटा, कंपनीचा वाटा, सगळं शिस्तीत, आणि मग एकदम काहीच नाही. कोरं. विजेचं बिल थकलं तर माणूस दारात येतो हो, हे थकलं तर कोणी विचारतसुद्धा नाही. शिवाय एका विमा कंपनीचा पेन्शन प्लॅन आहे, त्याचा वार्षिक हप्ता भरायचा आलाय, तो यंदा सोडून द्यावा असं चाललंय डोक्यात.

तर प्रश्न असा की माणूस आजारपणाने किंवा अपंगत्वाने काम करू शकत नसेल तर त्याचं निवृत्तीचं योगासन चालू ठेवायची काही सोय असते का? तुम्ही सगळे वेगवेगळ्या देशांत आहात, आपापल्याकडचं सांगा.

शून्य_शिल्लक
निवृत्तीचं योगासन :D शवासन म्हणतात त्याला.

मधली_सुट्टी
योगदान!! योगदान म्हणाले होते. मघाशी पेन्शन म्हटलं तर टेन्शन लिहिलं होतं, ते तेवढं दुरुस्त केलं.

रिकामटेकडी
ते दुरुस्त करायला नको होतं, बरोबरच होतं.

काळजी घे गं. पण एक सांगते, रागावू नकोस. मला एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) निदान झालं तेव्हा पहिलं वर्षभर मी पेन्शनचा प ही काढला नव्हता. आधी आजचं बघ, औषधं, फिजिओ, झोप. साठीतलं साठीत.

सव्वाशहाणा
रिकामटेकडीताईंशी भावनेने सहमत, गणिताने नाही. आत्ताच कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. समजा ३५ ते ६० अशी २५ वर्षं कोणी दरमहा १०० भरतोय (चलन कुठलंही घ्या) आणि सरासरी ८ टक्के मिळतायत. शेवटी साधारण ९५,१०० होतात. आता पहिली ५ वर्षं हप्ते चुकले आणि पुढची २० भरले तर ५८,९००. म्हणजे हप्ते चुकले २० टक्के आणि रक्कम घटली ३८ टक्के. तेच शेवटची ५ वर्षं चुकली असती तर घट जेमतेम पावणेआठ टक्के, कारण शेवटच्या हप्त्यांना वाढायला वेळच नसतो. मसुचं (मधली_सुट्टीचं) वय ३९. तिचे हे चुकणारे हप्ते सगळ्यात महागडे आहेत.

रिकामटेकडी
आजारी माणसाला दिलासा कसा द्यावा याचा क्लास काढा दादा तुम्ही.

सव्वाशहाणा
दिलासा मागितला नव्हता, सोय विचारली होती :)

बोरूबहाद्दर
भारतातलं मी सांगतो, पीएफच्या कागदांत आयुष्य गेलंय.

पीएफचा हप्ता पगारावर आहे. पगार शून्य तर हप्ता शून्य, कंपनीवर तो भरायचं बंधन नाही. आहे त्या शिल्लकीवर व्याज मात्र चालू राहतं, तेव्हा घाबरून ते पैसे काढू नका. खरा खड्डा पडतो तो ईपीएसमध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के तिकडे जातात (ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच), आणि पेन्शनचं सूत्र म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. बिनपगारी दिवस कंपनीच्या चलनात 'एनसीपी डेज' म्हणून जातात आणि ते नोकरीच्या वर्षांतून वजा होतात. पाच महिन्यांनी फार बिघडत नाही, पाच वर्षांनी बिघडतं.

पण याच योजनेत एक गोष्ट आहे जी लोकांना माहीतच नसते. नोकरीत असताना कायमचं आणि संपूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही, एका महिन्याचं जरी योगदान भरलेलं असेल तरी पेन्शन सुरू होतं, आणि ते वयाच्या अठ्ठावन्नची वाट न बघता लगेच. मेडिकल बोर्डासमोर जावं लागतं. व्याख्या अशी की अपंगत्व आलं त्या वेळी तो माणूस जी कामं करू शकत होता त्यातलं कुठलंच आता करता येत नाही. ताई, तुमचं दुखणं बरं होण्यातलं दिसतंय, तेव्हा हे तुम्हाला लागू न पडो हीच इच्छा. पण राजीनामा देऊ नका. 'नोकरीत असताना' हे शब्द दोनदा वाचा. एचआर गोड बोलून राजीनामा मागतात, माणूस कंटाळून देतो आणि मग हे दार बंद.

मधली_सुट्टी
अगं बाई. मागच्या आठवड्यात एचआरचा फोन होता, "तुम्ही निवांत बरं व्हा, हवं तर सेपरेशनचं बघू, बरं वाटलं की पुन्हा अप्लाय करा." मला वाटलं किती समजूतदार माणूस!

टाचणी
समजूतदारच आहे, कंपनीच्या बाजूने.

आगंतुक_काका
सरकारी नोकरीत असतात तर हा प्रश्नच नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० बघा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यायचं आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवायचं. १९९५च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ होतं. कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितलं की हवालदाराला इनव्हॅलिड पेन्शन (अपंगत्वामुळे मुदतीआधी निवृत्त केल्याचं) देऊन घरी बसवलंत म्हणून कलम ४७ची जबाबदारी संपत नाही. पगार चालू म्हणजे पेन्शनचा हप्ताही आपोआप चालू.

शून्य_शिल्लक
काका, ती खाजगी नोकरीत आहे असं दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय.

आगंतुक_काका
वाचलंय. इतरांना उपयोग होईल म्हणून लिहिलं. धागा एकट्याचा नसतो.

खडीसाखर
जर्मनीहून. इथलं आधी ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. आजारी पडल्यावर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, मग आरोग्यविम्याचा आजारभत्ता, एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे. आणि त्या भत्त्याच्या काळात सरकारी पेन्शनचे हप्ते भरले जातात, आधीच्या पगाराच्या ८० टक्के धरून. म्हणजे मसु म्हणतेय ती कोरी ओळ येतच नाही.

त्यापुढेही बरं नाही वाटलं तर काम-क्षमता घटल्याचं पेन्शन. दिवसाला ३ तासांपेक्षा कमी काम जमत असेल तर पूर्ण, ३ ते ६ मधलं असेल तर अर्धं. त्यासाठी एकूण ५ वर्षांची वर्गणी आणि शेवटच्या ५ वर्षांतली ३ वर्षं सक्तीच्या वर्गणीची लागतात. गंमत अशी की हिशोब करताना माणूस निवृत्तीपर्यंत काम करत राहिला असता असं धरून मधली वर्षं जोडतात. २०३१पर्यंत ही जोडणी ६७ वयापर्यंत जाईल.

पण फार भाळू नका. हे 'कुठलंही काम' वालं आहे. १ जानेवारी १९६१नंतर जन्मलेल्यांना 'माझं स्वतःचं काम जमत नाही' म्हणून सरकार काही देत नाही, त्यासाठी खाजगी विमा वेगळा काढावा लागतो. आणि फॉर्म! मैत्रिणीचा अर्ज भरायला बसले होते, तिच्या हातात जोर नाही म्हणून अर्ज करतोय आणि प्रत्येक पानावर तिची सही.

टाचणी
खडीसाखर, शेवटच्या वाक्याला दंडवत.

उंटावरचा
अमेरिका. इथे सोशल सिक्युरिटीत (सरकारी पेन्शन योजनेत) 'फ्रीझ' म्हणून प्रकार आहे, १९५४पासूनचा. म्हणजे रोख भत्ता सुरू व्हायच्या आधीचा, भत्ता १९५६मध्ये आला. अपंगत्वाची वर्षं सरासरी काढताना वगळतात, नाहीतर त्या शून्यांनी म्हातारपणाचं पेन्शन खाली ओढलं असतं. हप्ता कोणी भरत नाही, पण न भरल्याची शिक्षाही होत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत बरं का.

अटी कडक आहेत. निदान वर्षभर टिकणारं किंवा जिवावरचं दुखणं, कुठलंच धड काम करता न येणं, भत्त्याआधी पूर्ण पाच महिने थांबणं, आणि वय ३१च्या वर असेल तर साधारण शेवटच्या १० वर्षांतली ५ वर्षं काम केलेलं असणं. शेवटची अट फार लोकांना चावते. मुलांसाठी सहा वर्षं घरी बसलेली बाई आजारी पडली तर गेली.

आणि फोर-ओ-वन-के ला (कंपनीतून पगारातून भरायच्या निवृत्ती खात्याला) यातलं काहीही लागू नाही. पगार थांबला, तो थांबला. कंपनीचा दीर्घ मुदतीचा अपंगत्व विमा असतो पण तो बहुतेक वेळा पगाराच्या ६० टक्के असा घरखर्चाला देतो, त्यात निवृत्तीचा वाटा वेगळा धरलाय का ते पॉलिसीतच बघावं लागतं. माझ्या ऑफिसात विचारलं तर एचआरच्या मुलीने मलाच उलट विचारलं, "असं असतं का?"

पानगळ
यूकेत थोडं मधलं आहे. आजारपणाचा भत्ता किंवा युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी मदत) चालू असेल तर नॅशनल इन्शुरन्सची (सरकारी विमा-वर्गणीची) क्रेडिट मिळतात, म्हणजे पूर्ण सरकारी पेन्शनला लागणाऱ्या ३५ वर्षांत ती वर्षं धरली जातात (किमान १० लागतात). कंपनीच्या पेन्शनचं मात्र तेच, पगाराबरोबर गायब, अपवाद म्हणजे कंपनीने गटविमा घेतलाय आणि त्यात 'पेन्शनचे हप्तेही भरू' असं कलम घातलंय.

मला दुसरंच विचारायचंय. आजारी माणसाचं बोलतोय आपण, त्याला सांभाळणाऱ्याचं काय? सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी मी सोडली. चार वर्षं. आजारी त्या, खड्डा माझ्या पेन्शनला. दोन वर्षं गेल्यावर कोणीतरी सांगितलं की आठवड्याला २० तास सांभाळत असाल तर केअरर्स क्रेडिट मिळतं. कोणी आपणहून सांगत नाही.

खडीसाखर
पानगळ, इथे तर सांभाळणाऱ्याचे हप्ते काळजीविमा भरतो. आठवड्यात किमान दोन दिवस मिळून १० तास घरच्या माणसाला सांभाळलं पाहिजे आणि स्वतःची नोकरी ३० तासांच्या वर नको. त्या माणसाला ठरावीक दर्जाचं परावलंबित्व मिळालेलं असलं पाहिजे. पण अर्ज करावा लागतो.

रिकामटेकडी
पानगळ, तुझ्या प्रतिसादाने गप्प बसले. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी प्रमोशन सोडलं, हा हिशोब आम्ही कधी मांडलाच नाही.

मधली_सुट्टी
वाचतेय सगळं. पानगळ, मिठी. फोनने 'मिठी'चं 'मीठ' केलं होतं, हाताने दुरुस्त केलं, दुखलं, पण तेवढं चालेल.

तिरफळ
ऑस्ट्रेलियातला उलटा किस्सा. इथे सुपरच्या (नोकरदाराच्या निवृत्तीच्या) खात्यातच अपंगत्वाचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याच शिल्लकीतून कापला जातो. जुलै २०१९पासून नियम आला की सलग १६ महिने खात्यात पैसे आले नाहीत आणि तुम्ही लिहून कळवलं नाही तर विमा बंद. हेतू चांगला होता, विसरलेल्या खात्यांतले पैसे हप्त्यांत जिरू नयेत. पण आजारी माणसाच्या खात्यातच तर पैसे येत नाहीत! फंड आधी पत्र पाठवतो म्हणा. मित्राचं ते पत्र दोन महिने जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून होतं. मी त्याच्याकडे गेलेलो तेव्हा हाती लागलं, आठ दिवस उरले होते.

सव्वाशहाणा
म्हणून म्हणतो, रायडर-बियडर (पॉलिसीला जोडलेली जादा कवचं) सगळं झूट. आरोग्यविमा घ्या, टर्म विमा घ्या, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवा आणि उरलेलं स्वतः गुंतवा. आजारपणात त्या वर्षभराच्या पैशातूनच निवृत्तीचा हप्ता भरायचा. कोणाच्या व्याख्येत बसायला नको.

टाचणी
वर्षभर झालं. दुसऱ्या वर्षी काय करायचं सव्वाशहाणे?

सव्वाशहाणा
दोन वर्षांचा ठेवायचा.

टाचणी
आणि ३४व्या वर्षी पाठीचा कणा गेला तर? सव्वीस वर्षांचा खर्च कुठे ठेवतात, गादीखाली? मी विमा विकत नाही, दाव्यांचे कागद तपासायचं काम केलंय बारा वर्षं, म्हणून लिहिते.

हप्तामाफी म्हणजे वेव्हर रायडर, किंवा हप्ते भरणारा विमा, ज्याला जे नाव असेल ते. तत्त्व एकच, तुम्ही काम करू शकत नसाल तर ठरलेल्या प्रतीक्षाकाळानंतर तुमचा पेन्शनचा हप्ता कंपनी भरते किंवा भरलाय असं धरते. घरखर्चाला पैसे देत नाही. घरखर्चाचं कवच वेगळं, हे वेगळं, एक असलं की दुसरं आहे असं लोक समजतात.

सगळा खेळ व्याख्येचा. दातांच्या डॉक्टरचा हात थरथरायला लागला. 'स्वतःचं काम' व्याख्या असेल तर दावा मंजूर. 'शिक्षण-अनुभवाला साजेसं काम' असेल तर कंपनी म्हणणार कॉलेजात शिकवा. 'कुठलंही काम' असेल तर म्हणणार तिकिटं फाडा. हप्ता स्वस्त होत जातो तो याच क्रमाने. त्यात पुन्हा 'कायमचं' हा शब्द आहे का बघा, कारण बरं होणारं दुखणं कितीही लांबलं तरी तिथे बसत नाही. मुलांच्या पॉलिसीतली हप्तामाफी तर कित्येकदा फक्त पालकाच्या मृत्यूनंतरची असते, अपंगत्वाचा संबंधच नसतो, आणि घेणाऱ्याला वाटत असतं सगळं आहे.

दुसरं म्हणजे प्रपोजल फॉर्म. एजंट सोफ्यावर बसून स्वतःच "नाही, नाही, नाही" वर टिक करतो, पाठदुखीसाठी एमआरआय काढलेला असतो आणि सही आपली असते. भारतात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं झाली की आयुर्विमा पॉलिसीवर शंका घेता येत नाही. रायडर नंतर जोडला असेल तर तीन वर्षं तिथून.

सव्वाशहाणा
गादीखालीचं उत्तर नाही माझ्याकडे. बाकीचं वाखुसा (वाचनखूण साठवली).

बोरूबहाद्दर
टाचणीताई, मेव्हण्याची गोष्ट सांगतो. अपघात झाला, पायाला रॉड, सगळे म्हणाले पॉलिसीत हप्तामाफी आहे, आता हप्ता भरायची गरज नाही. त्याने भरला नाही. चार महिन्यांनी दावा करायला गेलो तर पॉलिसीच बंद पडलेली. कंपनीचं म्हणणं, माफी दावा मंजूर झाल्यावर सुरू होते, आजारी पडल्यावर नाही. तोपर्यंत भरायला हवे होते, मंजूर झाल्यावर परत दिले असते. नियमाने बरोबर, काय बोलणार. घरातल्या एकानेही ते पान वाचलं नव्हतं, मी धरून.

टाचणी
रोज बघितलंय हे. आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली तरी कलम ४५ची तीन वर्षं परत पहिल्यापासून मोजतात.

थांबा. मसु, तू पहिल्या पोस्टमध्ये एक पेन्शन प्लॅन म्हणाली होतीस. यंदाचा हप्ता सोडायचा म्हणत होतीस. त्याला रायडर आहे का? घेतलास कधी?

शून्य_शिल्लक
अरे हो! सगळे जग फिरून आलो आणि घरातली पॉलिसी राहिली.

मधली_सुट्टी
सहा वर्षं झाली असतील. रायडरबियडर आठवत नाही. फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात, नवरा आला की काढायला सांगते.

मधली_सुट्टी
काढली. नवरा वाचतोय मोठ्याने, मी फोनला सांगतेय. आहे! शेवटून तिसरं पान, दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. अपघात किंवा आजार, सलग १८० दिवस, "विमेदार शिक्षण, प्रशिक्षण अथवा अनुभवाने ज्यास पात्र आहे असे कोणतेही काम करण्यास असमर्थ". टाचणीची मधली व्याख्या. 'कायमचे' शब्द कुठे दिसत नाही, नवऱ्याने दोनदा बघितलं. कळवायची मुदत १८० दिवस पुरे झाल्यापासून ९० दिवस.

आणि हप्त्याची तारीख गेलीय. मला वाटत होतं येणार आहे. २० तारखेला होता, मेसेज आलेले, मी फोनला फक्त बोलते, जुने मेसेज उघडायला बोटं लागतात. ग्रेसचे ३० दिवस, आज २६वा.

टाचणी
आत्ता भर. बाकी सगळं नंतर लिही.

आगंतुक_काका
आणि पावती छापून ठेवा. मोबाईलमध्ये नको.

मधली_सुट्टी
भरला. नवऱ्याने त्याच्या फोनवरून. काका, पावती छापली, फाइलीत लावली, चिकटलेली पानं सोडवून.

एचआरलाही ईमेल टाकला की सेपरेशन नको, बिनपगारी रजाच चालू ठेवा. बोरूबहाद्दर, मसुदा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघाल का जरा.

बोरूबहाद्दर
बघितला. शेवटची "आपण योग्य तो निर्णय घ्यावा" ही ओळ काढा. निर्णय तुमचा तुम्ही कळवताय, त्यांना घ्यायला लावू नका.

सव्वाशहाणा
मसु, मंजूर होईल का पण? डिक्टेशन देता येतंय म्हणजे 'कोणतेही काम' जमतंय असं म्हणतील. हा धागाच पुरावा म्हणून लावतील.

रिकामटेकडी
सव्वाशहाणे!!

मधली_सुट्टी
असू दे गं, बरोबर बोलतोय तो. नाही मंजूर झाला तर याचा अर्थ मी काम करू शकते असा, त्यात वाईट काय. मेमध्ये जे होतं त्यापेक्षा डावा हात बराच बरा आहे, परवा दाराची कडी लागली माझी मला.

टाचणी
तरी कागद तयार ठेव. १८०वा दिवस कधी येतो?

मधली_सुट्टी
आज १४८वा. ३२ दिवसांनी. त्याच दिवशीची डॉक्टरांची वेळ घेतलीय, म्हणजे सर्टिफिकेटवर तीच तारीख पडेल. रिसेप्शनवरची मुलगी विचारत होती, "मॅडम, इतक्या पुढची का? उद्याची रिकामी आहे."